शिवोलीच्या घरातला अल्बम

रविवार, वांद्रे. रानवारच्या गल्लीत आज पुन्हा गोव्याचे गायक-संगीतकार रेमो फर्नांडिस यांच्या ‘गोअन क्रेझी’वरून वाद रंगला. अल्बम १९८४चा. त्यांच्या गोव्यातल्या शिवोलीच्या घरातच ध्वनिमुद्रित केलेला, वाद्यंही त्यांनीच वाजवलेली आणि कॅसेटसुद्धा पिवळ्या स्कूटरवरून त्यांनीच दुकानांत पोचवलेल्या! मित्राच्या मते त्याचं ध्वनिमुद्रण कच्चं आहे, नंतरचा ‘पॅक दॅट स्मॅक’ जास्त सफाईदार. शेजारच्या आंटींना मात्र ‘गोअन क्रेझी’त आपला गोवा ऐकू येतो, बास. मला आंटींचं पटतं. आपल्या गावच्या माणसांवर स्वतः रॉक गाणी रचायचं धाडस तेव्हा किती जणांकडे होतं? मुंबईतले बहुतेक बँड परदेशी गाणीच वाजवत. हे सांगूनही मित्र सफाईवरच अडून राहिला.