मांडवीतली जहाजं आणि सत्तरीतली भट्टी

आमच्या सास्तूरहून गोव्याला निघालो म्हटलं की गावात लोक डोळा मिचकावतात. एप्रिलचा महिना, हरभरा घरात आलेला, रान मोकळं. पुतण्या पणजीत एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे, तो कधीचा "काका, या एकदा" म्हणत होता. मित्राची गाडी मिळाली आणि निघालो.

नळदुर्ग, सोलापूर, विजापूर. इथवर माती आपलीच, काळी आणि भेगाळलेली. बेळगाव मागे पडून चोर्ला घाट लागला की उन्हाची धारच बोथट होते. घाट उतरून सत्तरी तालुक्यात आलो तेव्हा रस्त्याकडेच्या एका छपरातून आंबूस वास आला. मित्राला गाडी थांबवायला लावली.

काजूची भट्टी होती. एका बाजूला लाल-पिवळ्या बोंडांचा ढीग. दोन बायका बोंड पिळून बी वेगळी काढत होत्या, कारण बी वेगळी विकली जाते. बोंडं तुडवून काढलेला रस माठात आंबत ठेवलेला. पलीकडे तांब्याचं मोठं भांडं चुलीवर, त्यातून निघालेली वाफ थंड होऊन थेंबथेंब मडक्यात पडत होती. पहिल्यांदा उतरते ती हुर्राक. तीच पुन्हा आंबलेल्या रसात मिसळून उकळली की फेणी. भट्टीवाल्याने वाटीभर पुढे केली. मी विचारलं, "वर्षभर चालतं का?" म्हणाला, "पाऊस लागला की बंद. मग भात."

पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं हे झाड. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सरकारी कागदांवर तिला हा मान मिळायला बराच काळ गेला.

साखळी, डिचोली. इथे रस्त्याची धूळही तांबडी. हा लोहखनिजाचा पट्टा. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं खाणकाम थांबवलं. पुढे ते सुरू झालं आणि फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबलं. कर्ज काढून ट्रक घेतलेल्या घरांचं काय झालं असेल हे आमच्या भागातल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

संध्याकाळी अटल सेतूवरून मांडवी दिसली आणि तिच्यात उभी असलेली दिव्यांची कॅसिनो जहाजं. पुतण्या धक्क्याजवळच भेटला. तिकीटखिडकीशी पोरांची ही गर्दी, बहुतेक हैदराबाद, बंगळुरू, पुण्याकडची. तिकिटातच जेवण, पेय, नाचगाणं आणि थोड्या चिप्स. मनगटावर पट्टी बांधायची आणि लहान होडीतून जहाजावर जायचं. एकवीस वर्षांखाली प्रवेश नाही. गोव्याच्या माणसाला तर फेब्रुवारी 2020 पासून खेळायलाच बंदी आहे. नदी त्यांची, जुगार पाहुण्यांचा.

"आणि तू?" मी विचारलं.

"काका, आमचं हॉटेल यांच्यावरच भरतं. शनिवार-रविवार बघा, मान वर करायला सवड नसते. मंगळवारी आम्ही लसूण सोलत बसतो."

गोव्याच्या जुगारबंदी कायद्यात 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांसाठी फट पाडली गेली, 1996 मध्ये जहाजांसाठी. जहाजं नदीतून हलवू अशी आश्वासनं अनेक सरकारांनी दिली. जहाजं अजून तिथेच आहेत. अर्थात सगळा गोवा जुगारावर जगतो असं म्हणणं खोटं होईल. वेर्ण्याला औषधांचे मोठे कारखाने आहेत, मासळी आहे, समुद्रकिनारे तर आहेतच. पण मांडवीकाठच्या या पट्ट्यात हॉटेलं, टॅक्सी, पानाची टपरीसुद्धा त्या दिव्यांकडे डोळे लावून असते.

जुगाराच्या एकाच दोरीला लटकलेला मुलूख पाहायचा तर मकाव. तेही एकेकाळी पोर्तुगीजांचं, आणि 1844 पर्यंत त्याचा कारभार गोव्याहूनच चालायचा. ठाणं जेमतेम तेहतीस चौरस किलोमीटरचं, पण 2006 मध्ये जुगाराच्या उलाढालीत त्याने लास व्हेगासला मागे टाकलं. सरकारी तिजोरीत दर शंभरातले ऐंशीच्या आसपास रुपये जुगाराच्या करातून यायचे. मग 2020 मध्ये करोना आला आणि एका वर्षात कॅसिनोंचं उत्पन्न जवळपास 79 टक्क्यांनी कोसळलं. मकावने पुढे काय केलं ते मला मोलाचं वाटतं. 2023 पासूनचे दहा वर्षांचे परवाने देताना सहाही कॅसिनो कंपन्यांकडून सुमारे 119 अब्ज पटाका (तिथलं चलन) गुंतवणुकीची हमी घेतली आणि त्यातला बहुतेक वाटा जुगाराबाहेरच्या कामांना बांधून टाकला: संमेलनं, प्रदर्शनं, खेळ, आरोग्य. ज्याला जुगारातून मिळवायचंय त्यानेच दुसरा धंदा उभारायचा. आपल्याकडे अशी अट कुणी घातल्याचं दिसत नाही. आपण कर वाढवतो: कॅसिनोवरचा 28 टक्के जीएसटी 2023 मध्ये चिप्सच्या पूर्ण किमतीवर लागू झाला, सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के. तिजोरीला पैसा मिळतो, पुतण्याचा मंगळवार आहे तसाच राहतो.

परतताना मित्र म्हणाला, "आपल्याला काय त्याचं? आपल्याकडे कुठे कॅसिनो?" मी त्याला सोयाबीनची आठवण करून दिली. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात सास्तूर उद्ध्वस्त झालं, नव्या जागी वसलं. तेव्हा आमच्या शिवारात ज्वारी, उडीद, मूग, करडई, जवस अशी दहा पिकं असायची. आता खरिपात नजर जाईल तिथवर सोयाबीन. 2024 मध्ये हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि बाजारात मात्र चार हजारांच्या आसपास विकावं लागलं. एकाच पिकावर लावलेला हाही जुगारच; मांडवीतला खेळ निदान होडीत बसून, राजीखुशीने खेळला जातो.

गोव्याला जाणार असाल तर चोर्ल्यावरून जा आणि मार्च ते मे यांत जा. पावसाळ्यात जहाजांवरचे दिवे चालू असतात, सत्तरीतल्या भट्ट्या बंद.