एक तारीख

पोस्टमनच्या घरात वाढलेल्या माणसाला महिन्याची एक तारीख समजावून सांगावी लागत नाही. माझे वडील वेंगुर्ले तालुक्यातल्या वाड्यावाड्यांतून पत्रे वाटीत हिंडले. मुंबईच्या मनीऑर्डरींवर चालणारी घरे त्यांना तोंडपाठ होती. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या खाकी पिशवीकडे म्हाताऱ्या बायका ज्या नजरेने पाहत, त्या नजरेने देवाच्या पालखीकडेही त्यांनी कधी पाहिले नसेल. मनीऑर्डर चार दिवस लांबली की कुणाच्या घरात चहा बंद होतो, हेही वडिलांना ठाऊक असे. अशा बापाच्या पोटी येऊन मी २०१९ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, आपल्या घरात येणारे वेतन आपल्याच हाताने बंद केले.

मी चित्रकला शिक्षक. मॅट्रिक झालो (आता दहावी म्हणतात; पण वडील मॅट्रिकच म्हणत, म्हणून मीही म्हणतो), चित्रकलेची पदविका घेतली आणि जून २००१ मध्ये एका अनुदानित हायस्कुलात लागलो. पहाटे साडेचारला उठायचे, साडेसहापर्यंत लिहायचे आणि मग शाळेत जाऊन मुलांकडून निसर्गचित्रे काढून घ्यायची. दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य. कोकणातल्या मुलाने समुद्र सोडून हे डोंगर कुठे पाहिले, हे कोडे मला अठरा वर्षांत सुटले नाही. अशा पहाटांतून माझ्या दोन कादंबऱ्या झाल्या. तिसरी मात्र एकशेवीस पानांवर रुतून बसली ती चार वर्षे हलेना. दोष कुणाला द्यावा? मी तो नोकरीला दिला. मतदारयाद्या, खिचडीचे हिशेब, संध्याकाळी उशिरा येणारी परिपत्रके यांनीच माझी कादंबरी खाल्ली, असे मी ठरवून टाकले. पूर्ण दिवस मिळाला तर काय काय लिहीन, याची स्वप्ने मी पर्यवेक्षणाच्या तासाला पाहू लागलो.

मुख्याध्यापक भले गृहस्थ. माझा विचार ऐकून त्यांनी मला खुर्चीत बसवले आणि नियम सांगितला. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेला मी, म्हणजे मला जुनी पेन्शन. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे वीस वर्षे भरली की स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि पेन्शन मिळते; पण त्याआधी राजीनामा दिला तर मागची सारी सेवा बुडते. "तुमची अठरा झालीत, सर," ते म्हणाले. "दोन वर्षं कळ काढा."

माझ्याजवळ उत्तर तयार होते. शिरोडे आमच्याच तालुक्यात. तिथल्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० साली शिक्षक म्हणून आले आणि १९३८ साली शाळा सोडून कोल्हापूरला गेले. त्यांचीही बरोबर अठराच वर्षे! शिवाय पदवीही त्यांच्याजवळ नव्हती. मॅट्रिक झाल्यावर कॉलेज अर्ध्यावर सोडलेला हा माणूस पुढे १९७४ चे ज्ञानपीठ घेऊन गेला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी तर १८७९ साली सरकारी शिक्षकाची नोकरी सोडून स्वतःची शाळा काढली. हे सारे मी घरी सौभाग्यवतींना मोठ्या आवेशाने ऐकवले. ती आमसुले वाळत घालीत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "अहो, खांडेकरांच्या हातात सिनेमा होता. तुमच्या हातात काय आहे?"

ते खरेच होते. खांडेकरांच्या कथेवरचा 'छाया' हा चित्रपट १९३६ सालीच पडद्यावर आला होता. हाती दोर धरल्याशिवाय त्यांनी होडी सोडली नव्हती. आणि चिपळूणकर नोकरी सोडल्यावर तीन वर्षेही जगले नाहीत, हे मी सोयीस्करपणे गाळले होते. माझ्या हातात एका भाषांतर संस्थेने फोनवर दिलेले तोंडी आश्वासन होते.

तरीही मी राजीनामा लिहिला. खासगी शाळांच्या १९७७ च्या कायद्यात त्याची रीत सांगितली आहे. दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही-तारीख घालायची, एक रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाकडे धाडायची आणि एक आपल्यापाशी ठेवायची. पाकीट घेऊन निघालो तर ओसरीवर वडील.

"रजिस्टर कोणाक?"

"शाळेक."

"शाळेत तर तू रोज जातंस. मगे पोस्टान कित्याक?"

मी सांगितले. ते काही बोलले नाहीत. पाकीट हातात घेऊन त्यांनी जुन्या सवयीने त्याचे वजन अजमावले, पत्त्याखाली पिनकोड राहिला होता तो घालायला सांगितला आणि ते परत दिले. तीन महिन्यांची नोटीस संपून जूनमध्ये मी मोकळा झालो.

मोकळा म्हणजे काय, ते पहिल्याच महिन्यात कळले. शाळेतून हातात ४५ हजारांच्या आसपास येत. तो पगार एक तारखेला क्वचितच होई, पण होई. भाषांतराला शब्दामागे रुपया मिळेल असा माझा अंदाज होता. ठरले साठ पैसे. हिशेब केला तर जुना पगार उभा करायला महिन्याला ७५ हजार शब्द हवेत. एवढ्या शब्दांत एक बरी कादंबरी होते. म्हणजे दरमहा मी एक कादंबरी लिहिणार होतो, फक्त ती पाण्याच्या पंपाच्या माहितीपुस्तकांची! रविवार धरून रोजचे अडीच हजार शब्द. त्यात एका प्रतिष्ठित गृहस्थांचे आत्मचरित्र आले. त्यांचे बालपण मी इतके हलाखीचे रंगवले की प्रकाशनाच्या दिवशी त्यांच्या थोरल्या बहिणीने मला बाजूला घेऊन विचारले, "हे आमच्याच घरातलं का हो?"

पैसे मिळत, पण कधी मिळतील हे कुणी सांगत नसे. फोन केला तर समोरच्याला आपण भीक मागतो आहोत असे वाटे, न केला तर विसर पडे. (या अंकाचे संपादक मानधन वेळेवर देतात, म्हणूनच हे इथे लिहितो आहे.) मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढायला गेलो तर बँकेने पगाराची चिठ्ठी मागितली.

आणि तिसरी कादंबरी? ती एकशेवीस पानांवरच होती. पहाटे साडेचारला उठण्याची सवय सुटली नव्हती. पण त्या वेळी आता पंपाचे राहिलेले शब्द पुरे करावे लागत. शाळेत असताना माझा दिवस विकलेला होता, पहाट माझी होती. शिवाय माझ्या वाक्याला तेव्हा कुणाचा भात शिजवायचा नव्हता. ते वाईट निघाले तर खोडून मी प्रार्थनेला जाऊन उभा राही. आता प्रत्येक वाक्याची किंमत मला बोलायच्या आधी ठाऊक असे, आणि ज्याला किंमत नाही ते वाक्य लिहायला हातच उठेना.

मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. पंप थांबले, आत्मचरित्रे थांबली. त्या वर्षी दिवाळी अंकांची पाने घटली, काही अंक निघालेच नाहीत. माझे जुने सहकारी घरून तास घेत होते आणि त्यांना पगार मिळत होता. जून २०२१ मध्ये माझी वीस वर्षे भरली असती, तेव्हाही मुले घरीच होती. म्हणजे मुख्याध्यापकांनी मागितलेल्या दोन वर्षांतले दुसरे मला घरी बसूनच काढता आले असते! मी थांबायला हवे होते, हे आता मी मोकळेपणाने म्हणतो. सौभाग्यवती मात्र ते अजून एकदाही म्हणालेली नाही.

१ एप्रिल २०२० ला सकाळी वडिलांनी मला ओसरीवर हाक मारली. त्यांच्या हातात पेन्शनीतले पाच हजार रुपये होते. त्यांनी ते माझ्यासमोर दोनदा मोजले, अंगठ्याला थुंकी लावून, दारात उभे राहून मोजीत तसे. मी हात पुढे केला तर त्यांनी नोटा मागे घेतल्या. भिंतीवरचे कॅलेंडर काढून माझ्यापुढे धरले, एक तारखेच्या चौकोनावर बोट ठेवले.

"सही कर."

मला वाटले, थट्टा करताहेत. पण बेचाळीस वर्षांच्या मुलाच्या हातावर बापाने पैसे ठेवायचे म्हणजे ते दान होते. सही घेतली की ती मनीऑर्डर झाली. मनीऑर्डर घेताना कुणी मान खाली घालीत नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. मी सही केली. पुढे दर महिन्याला करीत गेलो.

जून २०२२ मध्ये एका विनाअनुदानित शाळेत चित्रकलेचे तास मिळाले. आठवड्याला चार दिवस, महिना ९ हजार, तेही दहा-बारा तारखेला. उरलेल्या वेळात भाषांतरे चालू आहेत. पहाट पुन्हा माझी झाली. तिसरी कादंबरी २०२४ मध्ये बाहेर आली. शाळा न सोडता ती झाली असती का, हा प्रश्न मला भेटणारे लोक विचारतात. मला त्याचे उत्तर देता येत नाही. तिच्यात एक पोस्टमन आहे, तो पहिल्या एकशेवीस पानांत नव्हता, एवढेच सांगतो.

वडिलांनी ती वाचली नाही. २०२३ च्या पावसाळ्यात ते गेले. त्यांची ट्रंक आवरताना तीन कॅलेंडरे सापडली, गुंडाळून सुतळीने बांधलेली. सत्तावीस सह्या, एक लाख पस्तीस हजार रुपये. पहिली सही मी इतकी बारीक केली आहे की चष्म्याशिवाय दिसत नाही. जून २०२२ ची चौकोनाबाहेर पार तीन तारखेपर्यंत गेली आहे.