सागवानाची वही

12 नोव्हेंबर
पुण्याहून भाचा आलाय, बरोबर त्याचे मित्र. सकाळी त्यांना थिबा पॅलेसला घेऊन गेले. लाल चिऱ्याच्या भिंती, उतरती छपरं, लाकडी नक्षीच्या अर्धगोल खिडक्या. इंग्रजांनी 1910 साली वाडा बांधून पुरा केला, तोवर ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इथं रत्नागिरीत कैदेत येऊन 24 वर्षं झाली होती. खालच्या दालनात एक गृहस्थ आपल्या मंडळींना सांगत होते, "ह्या राजाचं राज्य बायकोनं बुडवलं बरं का." मंडळींनी माना डोलावल्या. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. आमची आजी ते मुद्दाम सुनांच्या कानावर जाईल असं म्हणायची.

13 नोव्हेंबर
भाच्यानं चहाला बसल्या बसल्या विचारलं, "मग बुडवलं कोणी, मावशी?" आता सुरुवातीपासून सांगणं आलं.

ऑक्टोबर 1878 मध्ये ब्रह्मदेशाचा राजा मिंडान वारला. गादीवर हक्क सांगणारे राजपुत्र पुष्कळ. त्यांतला थिबा एकोणीस वर्षांचा, विहारात शिकलेला, पालीच्या परीक्षेत चमकलेला. त्याला पुढं काढलं सिनब्यूमाशिन या मिंडानच्या राणीनं आणि किनवून मिंजी या मंत्र्यानं. राणीला जावई गादीवर हवा होता. किनवून 1872 मध्ये इंग्लंडला जाऊन आलेला. त्याला हवा होता नावाचा राजा, म्हणजे कारभार मंत्र्यांच्या हाती राहील. आपल्याकडं बारभाईंनी सवाई माधवरावाच्या नावावर राज्य चालवलं, तसलाच बेत. फक्त इथं फडणीस सासूबाईंना आणि त्यांच्या लेकीला ओळखायला चुकला. ती लेक म्हणजे सुपयालात, थिबाची राणी.

फेब्रुवारी 1879 मध्ये मंडालेच्या राजवाड्यात सुमारे 80 आप्तांना मारण्यात आलं. हुकूम कोणाचा, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. सासू, सुपयालात आणि ताइंगदा मिंजी हा दुसरा मंत्री, ही नावं येतात. मी तरी यातून कोणालाच सोडणार नाही, थिबालाही नाही. पण राज्य त्यानंतरही सहा वर्षं उभं होतं, हे आजीनं कधी सांगितलं नाही.

16 नोव्हेंबर
पाहुणे गेले. बागेत अजून मोहोर नाही, नुसती पालवी.

19 नोव्हेंबर
राज्य गेलं ते लाकडापायी. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही 1863 मध्ये निघालेली कंपनी, कारभार आपल्या मुंबईतून. राजाच्या निंग्यान भागातल्या जंगलांतून ती सागवान काढायची. ओंडके नेले जास्त, मोजून दाखवले कमी, जंगलकामगारांचे पैसेही थकवले, असा आरोप होता. ऑगस्ट 1885 मध्ये राजाच्या मंत्रिमंडळानं सुमारे 23 लाख रुपयांचा दंड ठोकला. दंड वाजवी होता की अवाच्या सवा, यावर वाद घालता येईल. पण ज्या देशाच्या जंगलातलं लाकूड, त्यानं हिशेब मागितला, एवढंच खरं तर घडलं.

यातलं मला सगळ्यात नवल वाटलेलं पात्र म्हणजे आंद्रेनो. मंडालेत तो इटलीचा वकील, आणि त्याच वेळी बॉम्बे बर्माचा एजंटही! दरबारात फ्रेंचांशी काय खलबतं चालली आहेत याच्या खबरा त्याच्याकडून इंग्रजांना मिळत. फ्रेंच वकील हास नुकताच येऊन बसला होता, फ्रान्स शेजारी व्हिएतनाममध्ये पाय रोवत होता. लंडनला हे निमित्त पुरेसं झालं. भारतमंत्री रँडॉल्फ चर्चिल, व्हाइसरॉय डफरिन. 22 ऑक्टोबरचा निर्वाणीचा खलिता गेला: कंपनीवरची कारवाई थांबवा, आमचा वकील मानानं ठेवून घ्या, परराष्ट्रव्यवहार आमच्या सल्ल्यानं करा, चीनशी व्यापाराला वाट द्या.

मानानं म्हणजे काय, तर पायातले जोडे न काढता. दरबारात जोडे काढून जमिनीवर बसायचं हे इंग्रज वकिलांनी 1870 च्या दशकातच नाकारलं होतं. आमच्या ओटीवर कोणी जोड्यांसकट चढला असता तर आजीनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नसतं.

किनवून म्हणाला, नमतं घ्या. ताइंगदा आणि सुपयालात म्हणाले, लढा. ह्या एका जागी "बायकोनं बुडवलं" मध्ये कणभर तथ्य आहे. पण नमतं घेतलं असतं तर काय उरलं असतं? परराष्ट्रव्यवहार दुसऱ्याच्या हाती दिलेल्या आपल्याकडच्या संस्थानिकांना विचारावं.

23 नोव्हेंबर
लढाई जेमतेम पंधरवडाभर. जनरल प्रेंडरगास्ट इरावतीतून आगबोटी घेऊन निघाला, 28 नोव्हेंबर 1885 ला मंडाले पडलं. पूर्वी तिथं इंग्रजांचा वकील असलेला स्लेडन आत जाऊन राजाशी बोलला. दुसऱ्या दिवशी राजा-राण्यांना बैलगाड्यांत बसवून नदीवर नेलं. थिबा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. 1 जानेवारी 1886 ला ब्रह्मदेश खालसा. राजा आधी मद्रासला, मग एप्रिलमध्ये रत्नागिरीला.

27 नोव्हेंबर
शेजारच्या वहिनींना हे सगळं ऐकवलं. त्या म्हणाल्या, "तरी ती बाई खाष्टच होती हो." असेल. पण मग चीनकडं बघा म्हटलं. फेब्रुवारी 1912 मध्ये, थिबा इथं वाड्यात असताना, पेकिंगमध्ये सहा वर्षांच्या बादशहा पूयीच्या वतीनं राणी लाँगयूनं राजत्यागाचा हुकूम काढला. सौदा जमवला युआन शिकाईनं. तो बादशहाचा प्रधानमंत्री होता आणि महिन्याभरात प्रजासत्ताकाचा अध्यक्ष झाला. तरी राज्य बुडवल्याबद्दल लोकांच्या तोंडी नाव आधी येतं ते त्सीशी राणीचं, जी 1908 मध्येच वारली होती. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तिकडंही तेच." आणि भाजी निवडू लागल्या.

2 डिसेंबर
थिबाच्या थडग्याकडं जाऊन आले. तो डिसेंबर 1916 मध्ये वारला. धाकटी राणी त्याच्याआधी, 1912 मध्ये. सुपयालात 1919 मध्ये रंगूनला परतली, 1925 मध्ये तिकडंच गेली. तीस वर्षांहून जास्त ती आपल्या गावात राहिली. थोरली मुलगी मात्र रत्नागिरीचीच झाली. तिची लेक टुटू इथंच वाढली, मराठी बोलली, इथंच वारली.

येताना मनात आलं ते मंत्र्यांचं. 1908 मध्ये टिळकांना, म्हणजे ह्याच गावात जन्मलेल्या माणसाला, इंग्रजांनी मंडालेच्या तुरुंगात नेलं, हे इथं पोरासोरांना पाठ असतं. त्याच वर्षी किनवून मिंजी वारला, ते कोणाला ठाऊक नसतं. "लढा" म्हणणाऱ्या ताइंगदाला इंग्रजांनी कटकला धाडलं. "नमतं घ्या" म्हणणाऱ्या किनवूनला 1897 मध्ये ब्रह्मदेशाच्या कायदेमंडळात खुर्ची दिली. आणि बॉम्बे बर्माला दंड भरावा लागला नाही. जंगलं मात्र पुढं कित्येक वर्षं तिच्याकडंच राहिली. भाच्याला हे फोनवर सांगितलं तर म्हणतो, "मावशी, हे तिथं पाटीवर लिहायला हवं." मी म्हटलं, तू अर्ज कर, सही मी करते.