घाटाचं इंजिन

माझ्या मामेभावाला, म्हणजे दादाला, ट्रेलर घ्यायचाय. न्हावाशेव्याहून नाशिककडे कंटेनर न्यायचे, म्हणजे वाटेत कसाऱ्याचा घाट आलाच. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये उघडला, तिथल्या बोगद्यातून घाट टाळता येतो. पण टोल कोण भरणार हे गिऱ्हाईक ठरवतं, आणि ते बहुतेक वेळा "तुम्ही बघा काय ते" असंच ठरवतं! तेव्हा घाट धरूनच हिशोब करायचा.

प्रश्न साधा होता. १८० हॉर्सपॉवरचं इंजिन घ्यायचं की २८० चं? मोठ्याचा हप्ता महिन्याला आठ-नऊ हजारांनी जास्त. दादाच्या धंद्यात ही रक्कम म्हणजे मुलीच्या कॉलेजची फी. "तू इंजिनियर ना, सांग," म्हणाला. आमच्या घरात इंजिनियर म्हटलं की मिक्सरपासून ट्रेलरपर्यंत सगळं आलंच. असो.

मी कागद-पेन घेऊन बसलो. गाडी-माल मिळून ४० टन, आणि चढ शंभर मीटरला सहा मीटर असा धरला. नुसतं वर ओढायलाच साधारण २४०० किलोचा जोर लागतो, टायरचं घर्षण वेगळं. १८० चं इंजिन हे ओझं ताशी सोळा किलोमीटरने चढवतं, २८० चं पंचवीसने. ऐकायला मोठा फरक. पण दहा किलोमीटरच्या चढाला तो होतो तेरा-चौदा मिनिटांचा! भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये याच्या दुप्पट वेळ सहज जातो. तेरा मिनिटांसाठी कोण महिन्याला आठ हजार मोजेल?

अर्थात हे फक्त हॉर्सपॉवरचं झालं. हॉर्सपॉवर सांगते की चढ किती वेगाने चढाल. चढावर उभी राहिलेली गाडी पुन्हा हलेल का, हे ठरतं टॉर्कवर, पहिल्या गियरवर आणि मागच्या क्राऊन-पिनियनवर. घाटात पुढचा ट्रक बंद पडला की मागचे सगळे थांबतात. मग क्लच जळल्याचा तो वास... ज्यांनी घाटात एसटीच्या खिडकीत बसून प्रवास केलाय त्यांना मी काय सांगतोय ते कळेल. म्हणून जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यापेक्षा तो टॉर्क किती कमी फेऱ्यांना मिळतो ते बघावं. बाराशे-चौदाशे फेऱ्यांनाच पूर्ण जोर मिळत असेल तर ड्रायव्हर सारखा गियर बदलत बसत नाही. (उंचीवरच्या विरळ हवेचा प्रश्न इथे फारसा नाही. इगतपुरी म्हणजे काही खारदुंगला नव्हे.)

इथवर माझं मत छोट्या इंजिनाकडे झुकलं होतं. दादाच्या जुन्या गाडीवर वीस वर्षं असलेले ड्रायव्हर, ज्यांना आम्ही चाचा म्हणतो, शेजारी चहा पीत होते. त्यांनी एकच विचारलं, "साहेब, चढायचा हिशोब झाला. उतरायचा?"

उतरायचा मी केलाच नव्हता, तो त्यांच्यासमोरच केला. हीच ४० टनांची गाडी ताशी वीसने खाली आणायची तर सतत सुमारे दीडशे हॉर्सपॉवर कुठेतरी जिरवावी लागते. ब्रेकने जिरवली तर तेवढी सगळी उष्णता ड्रममध्ये जाते. ड्रम तापले की ब्रेक धरेनासे होतात, आणि पाय दाबूनही गाडी थांबत नाही. चाचांचा सख्खा भाऊ असाच गेला. ते त्यांनी सांगितलं नाही, दादाने नंतर सांगितलं.

क्लेसी कमिन्स या माणसावर हीच वेळ आली होती. १९३१ मध्ये कॅलिफोर्नियात केहोन खिंड उतरताना त्याच्या डिझेल ट्रकचे ब्रेक निकामी झाले, आणि खाली रुळांवरून मालगाडी जात होती. थोडक्यात वाचला. पुढे त्याने इंजिनालाच ब्रेक करायची युक्ती काढली: पिस्टनने हवा दाबली की ऐन वेळी एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडून ती सोडून द्यायची, म्हणजे दाबायला लागलेली ताकद परत मिळतच नाही. १९६१ पासून हा ब्रेक बाजारात आला. पुण्यात कमिन्स म्हटलं की आम्हाला कॉलेज आठवतं, त्यामागे ही अशी खिंडही आहे.

दादा बघत होता त्या दोन गाड्यांपैकी छोटीला साधा एक्झॉस्ट ब्रेक आहे, म्हणजे धुराची वाट अडवणारी झडप. हा दुसरा, जास्त जोराचा ब्रेक मोठ्या इंजिनाबरोबरच मिळतो. हप्त्यातला फरक मग तेरा मिनिटांचा उरला नाही.

दादाने २८० ची नोंदवली. वहिनी आकडा ऐकून दोन दिवस बोलल्या नाहीत. कर्जाचे कागद बँकेत गेलेत. चाचांना नवी गाडी आवडलीय, पण तो ब्रेक लावल्यावर इंजिन फार ओरडतं म्हणतात, शहाद्याहून आलेला नवा क्लीनर पोरगा पहिल्यांदा दचकून उडीच मारेल.