नायकाची एस.टी. कऱ्हाडला थांबलीच नाही

"कादंबरी झकास आहे, पण लिहिणाऱ्या बाई कधी एस.टी.त बसलेल्या दिसत नाहीत," असं म्हणत कंडक्टरकाकांनी पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सातारा-सांगली रस्ता अजून त्यांच्या बोटांवर आहे. "नायक साताऱ्याला गाडीत बसतो, दीड पानात सांगलीला उतरतो. कऱ्हाड नाही, पेठ नाका नाही, आष्टा नाही. गाडी उडत गेली काय? कऱ्हाडला ड्रायव्हर चहा पितो, नायकाला पोरीचं पत्र वाचायला निवांत वेळ मिळाला असता. उगाच घरी पलंगावर वाचायला लावलं."

मी साताऱ्यातल्या एका लहानशा वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते. माहेर सांगली. माझ्या कामात पगारापेक्षा जास्त काही मिळत असेल तर ते हे, पुस्तक परत करताना माणूस जे बोलतो ते. नेताना सगळे गप्प असतात, परत करताना मात्र प्रत्येकजण समीक्षक.

या कादंबरीचं नाव मी सांगणार नाही. लेखिका लिहित्या आहेत, चांगलं लिहितात, आणि आमच्या मंडळींनी जे जे काढलं ते सगळं त्यांच्या कानावर जावं असं मला वाटत नाही. गोष्ट अशी: साताऱ्याचा बँकेतला मुलगा सांगलीला मुलगी बघायला जातो आणि चुकून शेजारच्या घरात शिरतो. ते घर हळदीच्या अडत्याचं. तिथं त्याला कोणीतरी वेगळाच समजून पोहे देतात, तो खातो, आणि त्याच घरातल्या मुलीवर भाळतो. पुढं दोनशे पानं गैरसमज. शेवटाकडं दोघं हरिपूरच्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात, अडकतात, अंधारात मनातलं बोलतात, आणि मग साखरपुडा.

ही कादंबरी वाचनालयात आली तेव्हा हिला कुठल्या कपाटात लावायची यावरून आमचं वाजलं होतं. 'कादंबरी'त लावली तर गंभीर वाचक नाक मुरडतात, 'विनोदी'त लावली तर पु.लं.च्या शेजारी बिचारी बारीक दिसते. आमच्या जिल्ह्यातलं भिलार ४ मे २०१७ला पुस्तकांचं गाव झालं, तिथं एकेका घरात एकेक साहित्यप्रकार ठेवलाय. ही कादंबरी तिथं गेली असती तर दोन घरांत भांडण लागलं असतं. शेवटी मी ती टेबलावरच ठेवली, आणि त्यामुळेच ती सारखी बाहेर राहिली.

एक निवृत्त साहेब आहेत. पुस्तक नेहमी बायकोच्या नावावर नेतात. "मंडळींना लागतं असलं काहीतरी." आठवड्यानं परत आणलं तेव्हा म्हणाले, "मंडळी म्हणत होत्या, नायक जरा बावळट आहे. पहिल्याच भेटीत आपण चुकीच्या घरात आलोय हे कळल्यावर सरळ उठून सांगायला हवं होतं. मंडळींचं मत. पण मग पुढची गंमत गेली असती, हेही त्या म्हणाल्या. आणि एकशे बारा पानावर जे मोगऱ्याचं आहे, ते त्यांना फार आवडलं." दोन दिवसांनी काकू स्वतः आल्या. मी मोगऱ्याचं विचारलं. "कसला मोगरा? मी कुठं वाचलंय? ह्यांनीच रात्री दीडपर्यंत दिवा चालू ठेवला होता. मी म्हटलं, कुणाचं काय गेलं म्हणून हसताय एकटेच?"

त्यांना मी एवढंच म्हटलं की पुस्तक आता तुम्ही न्या. त्यांनी नेलं. त्यांचं मत तीन शब्दांचं होतं: "सासू खोटी आहे." मी म्हटलं, विनोदी आहे ना. त्या म्हणाल्या, "विनोदी असली म्हणून काय, सुनेनं मीठ विसरलं तर सासू हसते? एकदा तरी पदर खोचून उठायला पाहिजे होती."

माझ्या लक्षात हळूहळू आलं की प्रेमाबद्दल कुणी बोलतच नाही. ते सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं, दोघं भेटणार, चिडणार, शेवटी एक होणार. तपासतात ते आजूबाजूचं. गाडी, सासू, पोह्यात शेंगदाणे होते की नाही, मुलाचा पगार किती. कॉलेजच्या दोन मुलींनी नायकाला नापास केलं, कारण तो तिच्या नोकरीबद्दल एकदाही विचारत नाही. "दोनशे पानं प्रेम करतोय आणि ती काय काम करते हे त्याला माहीतच नाही, मॅडम." हे माझ्या वाचताना लक्षात आलं नव्हतं. माझ्या पिढीच्या कुणाच्याच आलं नसावं.

हेच पुस्तक मी सुट्टीत सांगलीला नेलं. माझी थोरली बहीण खणभागात राहते, तिच्या भिशीच्या बायकांचा वाचनकट्टा आहे. याची सुरुवात कशी झाली तेही सांगायला हवं. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. सांगलीचं नगर वाचनालय १८६९चं, तेही पाण्यात गेलं, पुस्तकांचे लगदे झाले. ताईच्या घरातही तेच, माळ्यावरची तेवढी वाचली. गाळ काढून झाल्यावर बायका म्हणाल्या, भिशीचे पैसे असू देत, आधी काहीतरी वाचू. आणि एकमतानं ठरलं की रडायचं पुस्तक नको. तेव्हापासून त्या महिन्याला एक हलकंफुलकं वाचतात आणि त्यावर कडाडून भांडतात.

त्या दिवशी कट्ट्यावर दोन पुरुष होते. एक निवृत्त सर, दुसरे शेजारचे हळदीच्या पेठेतले काका. सरांनी सुरुवातीलाच विचारलं, "यातून समाजाला काय मिळालं?" सर खांडेकरांचे भक्त. खांडेकर सांगलीत जन्मले, १८९८ साली, त्यामुळं इथं हा प्रश्न हवेतच आहे. कला कलेसाठी म्हणणारे फडके आणि जीवनासाठी म्हणणारे खांडेकर, दोघांचा वाद मराठीनं वर्षानुवर्षं चघळला, आणि गंमत म्हणजे दोघंही कोल्हापुरात राहत होते. आमची आई फडक्यांच्या कादंबऱ्या पाठ्यपुस्तकात घालून वाचायची, खांडेकर मात्र उघड्यावर. मला विचाराल तर तिला दोघंही पाठ होते.

सरांना उत्तर मिळालं ते ताईच्या जाऊबाईंकडून. "समाजाचं माहीत नाही सर, मला दुपारचे दोन ते चार मिळाले."

मग हळदीचे काका सुरू झाले. त्यांनी म्हणे पुस्तकाचं फक्त शेवटचं प्रकरण वाचलं होतं, पण पेन्सिल घेऊन. "पहिली गोष्ट, हरिपूरची पेवं २००५च्या पुरात बहुतेक गेली. पण चला, एखादं राहिलं असेल म्हणू. दुसरी गोष्ट." इथं त्यांनी हातानं पेवाचा आकार काढून दाखवला, तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत रांजणासारखं पसरलेलं. "पेव उघडल्यावर लगेच कोणी उतरत नाही. आत हवा खराब असते. तोंड काही वेळ उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही. ही दोघं धाडकन पडली आणि पाच पानं प्रेमाचं बोलली! पाच पानं! दुसऱ्या पानाला बेशुद्ध झाली असती."

बायका हसून लोळल्या. मी मुद्दाम काकांना डिवचलं. म्हटलं, काका, हरिपूर नाटककार देवलांचं गाव. त्यांच्या 'संशयकल्लोळ'मध्ये रेवती भररस्त्यात घेरी येऊन पडते, फाल्गुनराव तिला सावरतो, तेवढ्यात कृत्तिका खिडकीतून बघते. खाली येते तर आश्विनशेठची तसबीर तिच्या हाताला लागते, आणि नवरा बघतो की बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर. हे सगळं दोन मिनिटांत! ते चालतं?

"ते चालतं," काका म्हणाले, "कारण घेरी कशी येते, खिडकीतून काय दिसतं, संशय आल्यावर माणूस काय बोलतो, ते सगळं खरं आहे. योगायोग खोटा असू दे. पण पेव खोटं चालणार नाही."

मला हे पटलं. देवलांनी ही गोष्ट मोलिएरकडून इंग्रजी नाटकावाटे घेतलेली, १८९३ला गद्यात आणली, आणि १९१६ला ते वारल्यानंतर काही महिन्यांत तिचं संगीत रूप रंगमंचावर आलं. फ्रान्समधून निघालेली तसबीर इथं कुणाला परकी वाटली नाही. पात्रांची नावं मराठी महिन्यांची आणि नक्षत्रांची, नोकर भादव्या. आणि आमच्या कादंबरीतली सगळी माणसं इथली, गाव इथलं, तरी पेव परगावचं वाटलं.

ताईनं मग नेहमीप्रमाणं सुचवलं की लेखिकेला पत्र लिहू. वही निघाली. साताऱ्याच्या वतीनं मी कऱ्हाडचा थांबा आणि सासूचं उठणं लिहायला सांगितलं, मुलींचा नोकरीचा मुद्दाही. हळदीच्या काकांनी आणखी एक घातला: हळदीचे सौदे फेब्रुवारी-मार्चला जोरात असतात, ऐन सौद्यात मुलीचा बाप सकाळी अकराला घरी बसून पाहुण्याशी गप्पा मारत नाही. सरांनी शुद्धलेखन तपासायचं कबूल केलं, वर एक ओळ समाजाबद्दल घातली.

कंदिलावर मात्र अडलं. काका म्हणाले, पुढच्या आवृत्तीत आधी कंदील सोडलेला दाखवा, बाकी काही बदलू नका. जाऊबाई ताडकन म्हणाल्या, "अहो, कंदील खाली गेला तर उजेड नाही का पडणार? तिचं तोंड दिसलं तर तो काय बोलणार आहे, कपाळ! पोह्यांच्या वेळी बोलला होता का?"

काकांनी विचार केला. "मग कंदील सोडा आणि वर ओढून घ्या."

"वर ओढायला तिसरा माणूस लागला. तिसरा वर उभा असताना कोण प्रेमाचं बोलतं?"

हात वर करून मतं घेतली. अर्धे कंदिलाच्या बाजूनं, अर्धे अंधाराच्या, सर तटस्थ. पत्र अजून ताईच्या वहीतच आहे.