यात काय घातलंय?

आमच्या कोंढव्यात नवे हॉटेल उघडले की दोन दिवसांत गल्लीभर त्याची खबर होते. बिर्याणी, कबाब, शोरमा यांच्या पाट्यांची आम्हाला सवय आहे. पण गेल्या रमजान ईदनंतर कौसरबागेपासून थोड्या अंतरावर एक गाळा रंगून तयार झाला, दारावर आखूड निळा पडदा लागला आणि पाटीवर एकच शब्द आला, 'रामेन'. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते, 'येथे पोर्क वापरले जात नाही.'

घरात आम्ही चौघे. आम्ही दोघे, अम्मी आणि कॉलेजात जाणारी लेक. लेकीला तिथे जायचे होते, पण आमच्याबरोबर नको होते. कारण विचारले तर बराच वेळ ती काही बोलेना. मग म्हणाली, "तुम्ही सगळ्यांसमोर विचारता."

आमच्या लक्षात आले. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका हॉटेलात आम्ही वेटरला हळूच विचारले होते, चिकन हलाल आहे का? त्याने तिथूनच गल्ल्याकडे हाक मारली, "हलाल पूछ रहे हैं!" चार टेबलांवरच्या माना वळल्या. कोणी तरी काही बोलले, कोणी हसले. आम्ही मेन्यूकार्ड मिटले आणि उठलो. त्या रात्री घरी खिचडी झाली. त्यानंतर लेक मैत्रिणींबरोबर बाहेर जाते आणि दरवेळी व्हेज सँडविच खाऊन येते. आम्हाला वाटायचे, तिला आवडत असेल. आवडते म्हणून नव्हे, विचारावे लागू नये म्हणून ती ते खात होती.

तिचे चुकले असे तरी कसे म्हणावे? नोव्हेंबर 2023 मध्ये उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणपत्र असलेल्या मालाच्या विक्रीवर बंदी घातली, तेव्हा आठवडाभर हा शब्द टीव्हीवर ओरडून उच्चारला जात होता. घरातला रोजचा शब्द बाहेर इतका जड झाला की तोही जरा आवाज खाली करूनच बोलावासा वाटू लागला.

शेवटी अम्मीनेच निकाल लावला. म्हणाली, "मी येते. विचारायचं ते मी विचारते. म्हातारीला कोण हसतंय?"

रविवारी दुपारी आम्ही गेलो. सहा टेबले, भिंतीला लागून एक लांब फळी आणि आत वाफाळणारी मोठी पातेली. अम्मीचा बुरखा पाहून पोऱ्या हिंदीत बोलू लागला. अम्मीने त्याला थांबवले. "बाळा, यात काय काय घातलंय ते सांग बघू." पोऱ्या गोंधळला. त्याने आतून आचाऱ्याला बोलावले. आचारी तिशीतला, कपाळाला फडके बांधलेला. लेकीची मान खाली.

"आजी, पोर्क नाही. पाटीवर लिहिलंय."

"ते वाचलं. बाकी काय?"

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "चिकन कोंढव्यातलंच, तुमच्या लोकांच्या दुकानातलं. पण वाडग्याच्या तळाशी जो चवीचा अर्क घालतो ना, सोयासॉसचा, त्यात मिरीन असतं. तांदळाची गोड दारूच ती. अंडीही त्यातच मुरवलेली. ते तुम्ही घेऊ नका."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. अस्सल मिरीनमध्ये साधारण 14 टक्के अल्कोहोल असतो. पाटी खोटी नव्हती, पण पुरी नव्हती. न विचारता बसलो असतो तर निर्धास्तपणे खाऊन उठलो असतो. आणि या माणसाने 'चालतंय' म्हटले असते, तर आम्हाला कळणार तरी कसे होते? समोर आलेले गिऱ्हाईक जाईल हे ठाऊक असूनही तो खरे बोलला.

"कोण गाव तुझं?" अम्मीने विचारले.

"पाटण."

"मग शेजारीच की! आम्ही कऱ्हाडचे."

पुढचे सगळे सोपे झाले. त्याने आमच्यासाठी वेगळे चार वाडगे केले. तळाशी अर्काऐवजी नुसते मीठ, त्यावर चिकनचा रस्सा, आले, कांद्याची पात, लसणाचे तेल आणि साधे उकडलेले अंडे. रस्सा दुधासारखा पांढरा होता. कोंबडीची हाडे तासन्‌तास खळखळ उकळली की मगज आणि चरबी पाण्यात एकजीव होते, म्हणून हा रंग. अम्मीने पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "अगे, ये तो पायाच है!" मग नूडल दाताखाली धरून, "यात पापडखार आहे." आचारी हसला. जपानी लोक या पिठात 'कान्सुई' नावाचे खारे पाणी घालतात. त्यातले क्षार पापडखाराच्याच जातीचे. पिवळट रंग आणि दाताला लागणारा चिवटपणा त्यानेच येतो. ज्या बाईने आयुष्यभर उन्हात पापड वाळवले, तिला तो एका घासात सापडला. चॉपस्टिक तिने बाजूला ठेवल्या होत्या. काटा-चमचा मागितला, बरोबर लिंबू आणि हिरवी मिरचीही.

घरी आल्यावर लेक आणि आम्ही या पदार्थाचे कूळ शोधत बसलो. 'रामेन' हा शब्द चिनी 'लामिएन'वरून आला असे बहुतेक जाणकार मानतात. त्याचा अर्थ, हाताने ओढून लांबवलेल्या शेवया. जपानमध्ये त्या चिनी आचाऱ्यांनी नेल्या. तोक्योच्या आसाकुसा भागात 1910 मध्ये 'राइराइकेन' हे हॉटेल उघडले, तेही योकोहामाच्या चिनी वस्तीतले आचारी आणून. 1958 मध्ये मोमोफुकु आंदो यांनी झटपट रामेन काढले. त्याच जातीची मॅगी 1983 मध्ये आपल्याकडे आली आणि लेकीच्या डब्यात बसली.

'लामिएन'ची आणखी एक शाखा चीनच्या गान्सू प्रांतात लांझोऊ शहरात आहे. तिथे गोमांसाच्या रश्शात हाताने ओढलेल्या शेवया विकतात त्या मुख्यतः हुई मुसलमान. 1915 मध्ये मा बाओझी या हुई माणसाने त्या नावारूपाला आणल्या असे सांगतात. जपानी रामेन तिथून आले असे नाही, पण दोघांचे आडनाव एक. जपानची आणखी एक गोष्ट लेकीने वाचून दाखवली. 675 मध्ये सम्राट तेम्मू यांनी गाय, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी यांचे मांस खाण्यावर बंदी घातली आणि पुढे कित्येक शतके तिथे मांसाला नावे ठेवली जात. 1872 मध्ये सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, तेव्हा कुठे लोकांची भीड चेपू लागली.

"म्हणजे तेही विचारतच असणार," लेक म्हणाली.

विचारणारच. आमच्या शेजारच्या जैन काकू हॉटेलात बसल्या की आधी कांदा-लसणाची चौकशी करतात. वरच्या मजल्यावरच्या वहिनी श्रावणात वड्याच्या तेलात अंडे तळले का हे विचारल्याशिवाय घास घेत नाहीत. त्यांच्याकडे वळून कोणी पाहत नाही. घासाआधीचा प्रश्न या देशात घरोघरी आहे. आमच्याच तोंडून निघाला की तो वेगळा ऐकू येतो, एवढेच. म्हणून तो गिळून टाकणे हा काही उपाय नव्हे.

खरे सांगायचे तर त्या वाडग्याची चव आम्हाला थोडी अळणीच वाटली. लिंबू पिळल्यावर बरी लागली. निघताना अम्मीने आचाऱ्याला बकरी ईदचे आवतण दिले. शेवया आमच्याकडेही होतात, फक्त दुधातल्या, एवढे सांगितले.

पुढच्या महिन्यात लेक मैत्रिणींबरोबर दुसऱ्या एका हॉटेलात गेली. रात्री परत आली तेव्हा आम्ही विचारले, काय खाल्लेस?

"चिकन," ती म्हणाली. "आधी विचारलं मी. त्यांना ऐकू आलं नाही, मग पुन्हा मोठ्यानं विचारलं."