निळा ठिपका आणि काटेरी तार

आईला फोनवर सांगितलं, ‘या वीकएण्डला शिकारीला चाललोय.’ पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, ‘अरे, तू झुरळ दिसलं की खुर्चीवर चढतोस!’

मुद्दा बिनतोड होता. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार म्हटलं की एक तर राजेरजवाड्यांचे पिवळे पडलेले फोटो आठवतात, नाही तर कोर्टकचेरी. पण डेनव्हरच्या आमच्या ऑफिसात ऑक्टोबर उजाडला की अर्ध्या टीमचं लक्ष कोडमधून उडतं. कॉफी मशीनपाशी एकच विषय, एल्क! म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणा. कोलोरॅडोत हे अडीच लाखांहून जास्त आहेत आणि एक पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोपर्यंत भरतो. बॉस म्हणाला, ‘बंदूक नको धरूस. सोबत ये, ओझं उचल आणि मॅप सांभाळ.’ आयटीवाल्याला मॅप सांभाळ म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

गंमत म्हणजे, नेटवर्क गेलं की जीपीएसही गेलं असं आपल्यातल्या निम्म्या लोकांना वाटतं. तसं नसतं. उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून आपले संदेश सोडत असतात, फोन फक्त ते ऐकतो. त्याला टॉवर लागत नाही. एअरप्लेन मोडमध्येही निळा ठिपका बरोबर जागी असतो. नेटवरून येतं ते ठिपक्याखालचं चित्र. ते घरून वाय-फायवर उतरवून घेतलं नाही, तर तुम्ही कोऱ्या पानावरचा ठिपका! नाणेघाटात किंवा हरिश्चंद्रगडावर धुक्यात अडकलेल्या ट्रेकरला हे वेगळं सांगायला नको.

शिकारीच्या अ‍ॅपमध्ये मात्र आणखी एक लेअर असतो, जमिनीच्या मालकीचा. वनखात्याची जमीन हिरवी, बीएलएम म्हणजे केंद्राच्या भूव्यवस्थापन खात्याची पिवळी, राज्याची निळी. खासगी तुकड्यावर टिचकी मारली की चक्क मालकाचं नाव. शुक्रवारी रात्री मी डाऊनलोडला बसलो तर फोन फुल्ल! चुलतबहिणीच्या लग्नाचे चार हजार फोटो. ते उडवायला जीव होईना. मग फक्त डोंगरउताराचा, कंटूरचा मॅप घेतला. मालकीचा लेअर बॉसच्या फोनमध्ये आहेच की, म्हटलं.

पहाटे दोनला निघालो. सिल्व्हरथॉर्न, क्रेमलिंग, मग गोअर पासचा चढ. तिथे सिग्नलची शेवटची काडी गेली. मागच्या सीटवर बॉसचे वडील, वय ७८. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचा कोर्स करावाच लागतो. हे आजोबा त्याआधीचे, म्हणून माफ. ही गोष्ट त्यांनी मला वाटेत तीनदा ऐकवली.

रेघांचं एवढं काय, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी शेजारच्या वायोमिंगचा किस्सा सांगितला. १८६०च्या दशकात तिथे रेल्वे कंपनीला एकाआड एक चौरस मैल जमीन दिली गेली. आजही नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो, एक घर सरकारी, एक खासगी. २०२१ साली मिझुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी दोन सरकारी घरांच्या कोपऱ्यावर लोखंडी शिडी लावली आणि खासगी मातीला पाय न लावता पलीकडे उतरले. जमीनमालकाने कोर्टात खेचलं. शिकारी २०२३मध्ये जिंकले, २०२५च्या मार्चमध्ये अपिलातही जिंकले, आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने प्रकरण हातात घ्यायला नकार दिला. फोनवरचे दोन चौकोन जिथे टेकतात, त्या बिंदूवरून चार वर्षं खटला!

आमची जागा यांपा नावाच्या चिमुकल्या गावाजवळ. वर फ्लॅट टॉप्सची पठारं, दहा हजार फुटांच्या पलीकडची, आणि खाली खोऱ्यात रँच. तिघांच्या अंगावर भडक नारिंगी जाकिटं आणि टोप्या. ट्रक लावला तिथे मी पिन टाकली, ट्रॅक रेकॉर्डिंग सुरू केलं आणि फोन बनियनच्या आत सरकवला. थंडीत लिथियम बॅटरी बघता बघता बसते. बॉसने त्याचा फोन खांद्याच्या पट्ट्यावर लटकवला होता, सारखा बघता यावा म्हणून. मी काही बोललो नाही. बॉसला कोण सांगणार?

दिवसभर काही नाही. बर्फ, ठसे, आस्पेनची नागडी झाडं. पाचच्या सुमाराला झाडीच्या कडेला तो दिसला. बॉसने नेम धरला. आवाज झाला, एल्क दचकला, वाकला आणि पळाला.

आजोबा म्हणाले, अर्धा तास हलायचं नाही. जखमी जनावराच्या मागे लगेच धावलं तर ते आणखी दूर जातं. तो अर्धा तास माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात लांब मीटिंगपेक्षा लांब होता.

मग बर्फावरचे लाल थेंब बघत निघालो. थेंब एका काटेरी तारेपाशी पोहोचले आणि तारेखालून पलीकडे गेले.

ही हद्द की नुसतं जुनं कुंपण? तार आणि हद्द एकच असते असं नाही, गुरांसाठी लोक सोयीने तार ओढतात. बॉसने फोन बघितला. काळा! सकाळी ऐंशी टक्के होता. पॉवर बँक? ती ट्रकमध्ये राहिलेली, माझ्या दुसऱ्या सॅकच्या कप्प्यात. सांभाळायचं काम माझं होतं. माझ्या फोनमध्ये प्रत्येक कंटूर होता, फक्त कोणाचं काय ते नव्हतं. आजोबांनी खिशातून कागदी नकाशा काढला, एकास एक लाखाचा. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे शंभर मीटर, पेन्सिलीच्या टोकाखाली अख्खं कुंपण बसतं. सूर्य मावळला होता.

कायदा इथे दोन्हीकडून धरतो. जखमी जनावराचा माग काढायचा मनापासून प्रयत्न केलाच पाहिजे. आणि ते खासगी जमिनीत गेलं, तर मालकाला गाठायचा प्रयत्न केल्याशिवाय मागे जायचं नाही.

बॉसने फोन काखेत धरला. दहा-बारा मिनिटं आम्ही तिघं त्याच्या काखेकडे बघत उभे. फोन चालू झाला, सात टक्के. हिरवं तारेच्या पलीकडेही साठेक मीटर होतं. तार ओलांडून गेलो आणि ठिपका रेघेवर आला. खाली जमिनीवर काहीच नव्हतं. ना खांब, ना दगड, तेच बर्फ, तेच झुडूप. थेंब मात्र पुढे गेले होते. फोन पुन्हा मेला.

‘शंभर पावलांवर असेल,’ बॉस म्हणाला. कोणीच बघत नव्हतं. आजोबा शांतपणे म्हणाले, ‘मागे फिर.’

मी शेवटच्या थेंबावर पिन टाकली. फोन मिटायच्या आधी मालकाचं नाव वाचलं होतं, आणि त्या रँचचं फाटक आजोबांच्या माहितीतलं निघालं. बॉस सरळ खाली उतरायला निघाला. तिथे माझ्या बिचाऱ्या मॅपवर कंटूर एकमेकांना चिकटले होते, म्हणजे कडा. सकाळच्या ट्रॅकवरूनच, हेडलॅम्पच्या उजेडात, दीड तासात ट्रकशी आलो. लग्नाच्या फोटोंनी निदान तेवढी जागा ठेवली होती.

फाटकावर साठीची एक बाई, दोन कुत्रे. तिने माझी पिन बघितली, नारिंगी जाकिटं बघितली. ‘खालच्या रस्त्याने ट्रक आत आणा. जाताना फाटक लावा.’ एवढंच.

साडेनऊला पिनपाशी पोहोचलो. तिथून ऐंशी पावलांवर, विलोच्या झुडपात तो पडला होता. बॉसने मानेवर हात ठेवला. ‘अजून गरम आहे.’

म्हणजे आम्ही ट्रकपर्यंत जाऊन येईस्तोवर तो जिवंत होता? मी विचारलंच. आजोबा म्हणाले, एवढं मोठं धूड तासन्‌तास गरम राहतं, त्यावरून काही सांगता येत नाही. बॉस काही बोलला नाही. खालीच बसून राहिला, मग सुरी काढली.

खाण्याजोगं मांस टाकून देणं इथे गुन्हा आहे. चार तंगड्या आणि पाठीचं मांस कापडी पिशव्यांत भरून ट्रकमध्ये टाकेपर्यंत दीड वाजला. फाटक मी लावलं. दोनदा बघितलं.

सोमवारी ऑफिसात बॉसने स्टॅण्ड-अप पाच मिनिटांत उरकला. माझ्या फ्रीझरमध्ये पाच किलो एल्क आहे. काळ्या मसाल्यात रस्सा बरा होतो, जरा जास्त शिजवावा लागतो. आईला रेसिपी विचारली, ‘कसलं मटण?’ला उत्तर दिलं नाही. लग्नाचे फोटो हार्ड डिस्कवर हलवले. पॉवर बँक आता जाकिटाच्या आतल्या खिशात असते, ऑफिसलासुद्धा.